आवाज कधी येतो ते आधी पाहा

पंधरा-वीस वर्षं चाललेल्या गाडीच्या बोनेटखालून एके दिवशी नवाच आवाज येऊ लागतो. गाडी गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री दोनदा रेस देतो, कान देऊन ऐकतो आणि म्हणतो, “साहेब, इंजिन खोलावं लागेल.” कधीकधी ते खरंच असतं. पण पुष्कळदा तो आवाज ढिल्या पडलेल्या पट्ट्याचा, सुटलेल्या पत्र्याचा नाहीतर जळालेल्या पॅकिंगचा असतो, आणि त्यापायी बरं चाललेलं इंजिन टेबलावर येतं. एकदा खोललेलं इंजिन पुन्हा पहिल्यासारखं बसायला चांगला हात, अस्सल सुटे भाग आणि स्वच्छ जागा एवढं सगळं लागतं. जुन्या गाडीच्या वाट्याला हे सगळं एका वेळी क्वचित येतं. म्हणून इंजिन खोलणं ही अगदी शेवटची पायरी असली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. त्याआधीच्या बहुतेक पायऱ्यांना पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

उदाहरणाला मारुती 800 घेऊ. 1983 पासून 2014 पर्यंत ही गाडी बनत होती आणि तालुक्याच्या गावांत ती आजही रोजच्या कामाला दिसते. तिचं इंजिन 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. सिलिंडरचा व्यास 68.5 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 72 मिलिमीटर. वर हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट, तो दातेरी टायमिंग बेल्टवर फिरतो. बहुतेक मॉडेलांत व्हॉल्व्ह सहाच, आणि त्यांच्या रॉकरवर स्क्रू-नटाचे टॅपेट, म्हणजे हातानं सेट करता येणारे. बोनेट उघडलं की जवळजवळ सगळं डोळ्यांसमोर असतं. ऐकायला शिकण्यासाठी याहून सोपं इंजिन मिळणं कठीण.

आवाजाबद्दल बोलताना आपण त्याचं वर्णन करत बसतो. कुणी खडखड म्हणतं, कुणी टकटक, कुणी खरखर. एकाच आवाजाला घरातली तीन माणसं तीन नावं देतात आणि मिस्त्री चौथं. या वर्णनावरून निदान करायला गेलं की घोळ होतो. आवाज कधी येतो हे मात्र कुणीही सांगितलं तरी सारखंच राहतं. गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? उभ्या गाडीत येतो की चढावर? क्लच दाबल्यावर थांबतो का? रेस सोडताना वाढतो का? या उत्तरांतूनच बिघाड सापडतो. मिस्त्रीकडे जाताना वहीच्या एका पानावर एवढं लिहून नेलं, तरी त्याचं निम्मं काम झालेलं असतं, आणि उगाच खोलाखोलीचा धोकाही टळतो.

मात्र ऐकायला बसण्याआधी डिपस्टिक काढून तेल बघा. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं झालेली. तेल खालच्या खुणेच्या आसपास किंवा त्याखाली असेल, तर ते भरल्याशिवाय कुठल्याही आवाजाचं निदान करू नये. तेल कमी असलं की टॅपेट वाजतात, चेन वाजते, आणि जास्तच कमी झालं तर बेअरिंगही वाजू लागतं. तेल पाण्यासारखं पातळ झालं असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल तेलात उतरतंय. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे कॅमशाफ्टवर चालणाऱ्या पेट्रोल पंपाचा फाटलेला पडदा. अशा तेलावर इंजिन चालवत राहणं म्हणजे बेअरिंगं मुद्दाम झिजवणं.

आता लयीकडे येऊ. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. मारुती 800 आयडलिंगला मिनिटाला साधारण 900 फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला 15 वेळा फिरतो आणि कॅम साडेसात वेळा. कॅमशी जोडलेला प्रत्येक भाग, म्हणजे रॉकर, व्हॉल्व्ह, यांत्रिक पेट्रोल पंप, सेकंदाला साडेसात वेळा वाजतो. क्रँकच्या फेऱ्यांबरोबर चालणारा आवाज त्याच्या दुप्पट वेगानं येतो. साडेसात आणि पंधरा हा फरक कानाला थेट मोजता येत नाही, पण एक टिकटिक सुटी सुटी ऐकू येते आणि दुसरी जवळजवळ सलग, एवढं नक्की कळतं. मोबाइलवर आवाज टिपून अर्ध्या वेगानं ऐकला तर आणखी स्पष्ट होतं. ज्या गाडीत डिस्ट्रिब्युटर आहे तिथे टायमिंग लाइटही कामाला येतो. पहिल्या प्लगच्या वायरीवर त्याचा चिमटा लावला की दिवा क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. आवाज या लुकलुकण्याच्या तालावर पडत असेल, तर शोध वरच्या भागात, हेडमध्ये घ्यायचा.

जागा शोधायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो, पण लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हरही तेच काम करतो. त्याचं टोक धातूच्या भागावर टेकवायचं आणि मूठ कानाजवळच्या हाडाला लावायची. व्हॉल्व्ह कव्हर, अल्टरनेटरचं अंग, पाण्याच्या पंपाचं अंग, टायमिंग कव्हर, ब्लॉकचा खालचा भाग असं एकेक करत फिरायचं. धातूतून आवाज दूरवर जातो, त्यामुळे तो सगळीकडेच थोडा थोडा ऐकू येणार. एकाच जागी ऐकून निकाल द्यायचा नाही, जागांची तुलना करायची. फुसफुस किंवा सूं असा हवेचा आवाज शोधायला मात्र दांडा उपयोगी नाही. तिथे हातभर रबरी नळी घ्यावी, एक टोक कानाशी धरून दुसरं टोक मॅनिफोल्डच्या कडेनं आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांवरून हळूहळू फिरवावं.

हे करताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला आणि जागा उघडी हवी. बंद शेडमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून वाकून बसू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा इलेक्ट्रिक असतो आणि न सांगता सुरू होतो. प्लगच्या वायरींजवळ धातूचा दांडा नेऊ नका.

शोध बाहेरून आत जायला हवा, कारण बाहेरचे आवाज जास्त वेळा येतात आणि स्वस्तात जातात. पावसाळ्यात सकाळी गाडी सुरू करताच चीं करून किंचाळणारा आवाज बहुतेक वेळा अल्टरनेटरच्या पट्ट्याचा असतो. हेडलाइट आणि ब्लोअर लावले की अल्टरनेटरवर भार येतो आणि किंचाळणं वाढतं. इंजिन चालू असताना पट्ट्याच्या आतल्या बाजूवर लांबून थोडं पाणी उडवून पाहा. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे आणि घसरतोय. आवाज क्षणभर गेला आणि पाणी वाळताच परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा पट्टा कडेला झिजलाय. घरघर मात्र पट्ट्याची नसते, ती बेअरिंगची असते. अल्टरनेटरचं, पाण्याच्या पंपाचं की एसीच्या पुलीचं, हे ठरवायचा खात्रीचा उपाय म्हणजे पट्टा काढून इंजिन सुरू करणं. घरघर गेली तर ती पट्ट्यावर चालणाऱ्या भागाची होती. त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप असेल तर अर्ध्या-पाऊण मिनिटापेक्षा जास्त चालवू नका. बंद करून प्रत्येक पुली हातानं फिरवली की बोटांना खरखर कळते. टायमिंग बेल्टच्या टेन्शनरचं बेअरिंग घरघरत असेल तर ते काम पुढे ढकलू नका. तो जाम झाला तर पट्टा तुटतो, आणि पुष्कळ इंजिनांत पट्टा तुटला की उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

क्लचचा आवाजही लोक इंजिनाचा म्हणून घेऊन येतात. गाडी उभी, न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला, आणि घरघर येते. क्लच दाबला की थांबते. तर ते गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग. ही चाचणी दहा सेकंदांची आहे, आणि ती न केल्यामुळे कित्येक इंजिनं विनाकारण खोलली गेली असतील.

ठरावीक रेसवरच येणारी खणखण बहुतेक वेळा सायलेन्सरच्या वरच्या उष्णतारोधक पत्र्याची असते. थंड गाडीखाली जाऊन पत्र्यावर मूठ मारली की तोच आवाज तिथेच मिळतो. गाडी सुरू-बंद करताना धड् असा एकच ठोका येतो तो इंजिनाच्या माउंटिंगचा. मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात. तीन सिलिंडरच्या इंजिनाला मुळातच हादरा जास्त, त्यामुळे रबर बसलं की सगळी बॉडी वाजू लागते आणि आवाज डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो. पार्किंगमध्ये उंदीर असतील तर ब्लोअरच्या पंख्यात अडकलेला कागद किंवा प्लास्टिकही तपासावं.

आता टॅपेट. जुन्या गाडीतला सगळ्यांत ओळखीचा आणि सगळ्यांत गैरसमजाचा आवाज हाच. वर, व्हॉल्व्ह कव्हरखालून येणारी हलकी, सुटी, नियमित टिकटिक. रेसबरोबर तिचा वेग वाढतो, भारानं फारसा फरक पडत नाही. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी. इंजिन तापलं की व्हॉल्व्ह लांबतो आणि त्या लांबण्याला जागा हवी असते. फट वाढली की रॉकर आधी मोकळा फिरतो आणि मग ठोका देतो, म्हणून टिकटिक. फीलर गेजनं फट मोजून पुस्तिकेतल्या आकड्यावर आणली की काम झालं. आकडा थंड इंजिनाचा की गरम इंजिनाचा हे नीट वाचावं, कारण दोन्ही वेगळे असतात, आणि एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला सहसा इनटेकपेक्षा थोडी जास्त फट लागते. इंजिन चालू असताना संशयाच्या रॉकरखाली फीलर गेजचं पातळ पातं सरकवून बघण्याची जुनी रीत आहे. पातं सरकवताच टिकटिक मंदावली तर तोच टॅपेट. तेल उडतं, पाती खराब होतात, पण दोषी रॉकर मिळतो.

यातली खरी गोम वेगळीच आहे. पूर्ण गप्प टॅपेटला लोक चांगलं समजतात, आणि आवाज नको म्हणून मिस्त्रीही ते थोडे घट्ट करून देतो. फट उरलीच नाही तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. बसलेला व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधून हेडला देतो, अधांतरी राहिलेल्याला ती देता येत नाही. त्याच्या कडेनं जळता वायू निसटत राहतो आणि थोड्याच काळात व्हॉल्व्ह जळतो. मग गाडी मिसिंग मारते, त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडतं आणि हेड खोलावं लागतं. या सगळ्यात आधी कानाला काहीही कळलेलं नसतं.

सीएनजी लावलेल्या जुन्या गाड्यांत हे विशेष होतं, आणि मुंबई-पुण्यात तशा गाड्या खूप आहेत. द्रव पेट्रोल वाफ होताना जो थोडा गारवा देतं, तो गॅसमध्ये मिळत नाही. कोरड्या, तापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह आपटत राहतो, सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह वर, रॉकरच्या दिशेला सरकतो. म्हणजे फट आपोआप कमी होत जाते. नेहमी थोडी टिकटिकणारी सीएनजी गाडी हळूहळू गप्प होत असेल, तर ते सुधारणं नसून बिघडणं आहे. अशा गाडीचे टॅपेट आवाजाची वाट न बघता ठरावीक किलोमीटरनंतर मोजलेच पाहिजेत. इतर आवाजांबाबत घाई करू नका असं मी म्हणतो, इथे मात्र दिरंगाई करू नका असं म्हणेन.

टॅपेटसारखाच वाजणारा एक आवाज बाहेरून येतो, तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून निसटणाऱ्या वायूचा. हीच टकटक, हीच लय, कारण वायू व्हॉल्व्हच्याच तालावर सुटतो. फरक दोन ठिकाणी पडतो. हा आवाज थंड इंजिनात मोठा असतो आणि पाच-दहा मिनिटांत कमी होतो, कारण तापून फुगलेला मॅनिफोल्ड फट बुजवतो. आणि चढावर, भाराखाली तो वाढतो, टॅपेट तसा वाढत नाही. मॅनिफोल्डच्या सांध्याभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला की शंका उरत नाही. सैल राहिलेला स्पार्क प्लगही असाच चुफ् चुफ् करतो आणि त्याच्या बुडाशी काळपट कडं धरतं. एक पाना, एक मिनिट. टॅपेट दोनदा सेट करूनही टिकटिक जात नाही अशी तक्रार असेल, तर आधी हे दोन तपासा.

घाट चढताना येणारा कडकड आवाज वेगळा. कसारा किंवा बोरघाट चौथ्या गिअरमध्ये रेटताना, पाय दाबताच, डब्यात काचेच्या गोट्या हलवल्यासारखा तो येतो आणि पाय सैल केला की जातो. मिस्त्री म्हणतात इंजिन नॉक करतंय, आणि मालक ऐकतो की बेअरिंग गेलं. दोन्हींचा संबंध नाही. ठिणगी पडल्यावर ज्योत सिलिंडरभर पसरत जायला हवी. पण उरलेलं मिश्रण उष्णतेनं आणि दाबानं ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटलं, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. त्या कंपनांचा वेग सिलिंडरच्या व्यासावर ठरतो, आणि छोट्या मोटारींच्या इंजिनात तो सेकंदाला साधारण सहा ते आठ हजार असतो, म्हणून आवाज इतका धारदार, पातळ येतो. बेअरिंगचा ठोका जाड असतो.

नॉकिंगचं पहिलं कारण बहुतेकदा चालवणाऱ्याच्या हातात असतं. गिअर उतरवा, तिसऱ्यात किंवा दुसऱ्यात चढा. तरीही आवाज राहिला तर इग्निशन टायमिंग पुढे सरकलंय का ते टायमिंग लाइटनं बघा. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल राहिला की असं होतं. इंजिन जास्त तापतंय का, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक आहेत का, मिश्रण हवा जास्त ओढून पातळ झालंय का, हेही पाहावं. शहरात वर्षानुवर्षं दोन-दोन किलोमीटर फिरलेल्या गाडीत पिस्टनच्या डोक्यावर कार्बन साचतो. तो तापून निखारा होतो आणि मिश्रण वेळेआधी पेटवतो. कार्बोरेटरची गाडी चावी काढल्यावरही दोन-चार गचके देत फडफडत राहत असेल, तर कार्बनचा संशय पक्का. हलक्या नॉकिंगनं लगेच काही मोडत नाही, पण भाराखाली ते रोज चालू दिलं तर पिस्टन आणि हेड गॅस्केट खराब होतात.

डिझेल गाड्यांत ज्वलनाचा ठोका मुळातच असतो, कारण तिथे इंधन दाबानंच पेटतं. 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टासारख्या गाड्यांतून महाराष्ट्रभर फिरलं, आणि पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातही ते बनलं. त्यात मुख्य फवाऱ्याआधी इंधनाचा छोटा फवारा सोडून हा ठोका सौम्य केलेला आहे. म्हणून अशा इंजिनात एकाच सिलिंडरमधून खणखणीत ठोका येऊ लागला तर आधी इंजेक्टर तपासायचा. इंजेक्टरच्या बुडाची वायसर गळाली तर तिथून चफ् चफ् आवाज आणि काळं डांबरासारखं किटण दोन्ही दिसतात. या इंजिनाला पट्टा नाही, टायमिंग चेन आहे, आणि टॅपेट तेलाच्या दाबावर आपोआप फट सांभाळणारे आहेत. सकाळी पहिल्या सुरुवातीला दोन-तीन सेकंद खडखड होऊन थांबणं म्हणजे तेल वर पोचायला वेळ लागतोय. हलक्या दर्जाच्या ऑइल फिल्टरमधला तेल अडवणारा पडदा निकामी झाला की असं होतं. पण टायमिंग कव्हरच्या बाजूनं येणारी खडखड रोज लांबत चालली असेल, तर चेन लांबली आहे किंवा टेन्शनर दमलाय. तेल बदलायला उशीर करत गेलेल्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. ॲम्बेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीलाही टायमिंग चेनच होती, पण त्यांचे टॅपेट हातानं सेट करायचे.

थंड इंजिनात येणारा आणि तापल्यावर विरणारा बोदा ठोका पिस्टनचा असू शकतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बीडाचा. ॲल्युमिनियम उष्णतेनं बीडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे थंडीत पिस्टन थोडा मोकळा असतो आणि भिंतीवर आपटतो. तापला की फुगून नीट बसतो. गाडी तेल खात नसेल, निळा धूर नसेल आणि ओढ बरी असेल, तर एवढ्या आवाजावर रीबोर करून घेऊ नये. अशा गाड्या बरीच वर्षं चालतात.

आता उरला खालचा ठोका, ज्याला घाबरणं योग्य आहे. बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यातले शेल झिजले की येणारी जाड, खोल ठकठक. आयडलिंगला ती दबलेली असते. रेस दोन-अडीच हजारावर धरून पाय किंचित सैल केला की उठून ऐकू येते, कारण रॉडवरचा भार दिशा बदलतो आणि मोकळी जागा वाजते. इंजिन तापून तेल पातळ झालं की ती वाढते. पिस्टनच्या ठोक्याचं नेमकं उलटं. स्क्रू-ड्रायव्हरनं ऐकलं तर ब्लॉकच्या खालच्या भागात सर्वांत मोठी.

खात्रीसाठी सिलिंडर एकेक करून बंद करतात. जुन्या गाडीत इंजिन बंद असताना एका प्लगची वायर काढून तिच्या टोकाला जादा प्लग लावून तो ब्लॉकला टेकवून ठेवायचा आणि मग इंजिन सुरू करायचं. इंजेक्शनच्या गाडीत त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं कनेक्टर काढायचं, म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात नाही. तीन सिलिंडरच्या इंजिनात एक बंद झाला की गाडी चांगलीच हादरते, त्याकडे दुर्लक्ष करून ठोक्याकडे कान द्यायचे. एखादा सिलिंडर बंद करताच ठोका मंदावला तर त्याचाच रॉड किंवा पिस्टन. कुठलाही बंद करून फरक पडत नसेल आणि भाराखाली बसक्या आवाजात धमधम येत असेल, तर संशय मेन बेअरिंगवर. टॅपेटच्या टिकटिकीला या चाचणीनं काहीच होत नाही.

तेलाचा दाबही मोजून घ्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फार खालच्या दाबालाच लागतो, त्यामुळे दिवा विझलेला आहे म्हणजे दाब पुरेसा आहे असं नाही. दिव्याच्या स्विचच्या जागी गेज बसवून गरम इंजिनावर दाब पाहायचा. दर हजार फेऱ्यांना साधारण 10 पीएसआय हा जुना ठोकताळा आहे, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. दाब बरा आणि ठोका वरून येत असेल तर खाली हात लावायचं कारण नाही. दाब पडलेला आणि ठोका खालून, तर मात्र गाडी तिथल्या तिथे बंद करा आणि टो करून न्या. शेलची फट मिलिमीटरच्या काही शतांशांची असते. ती वाढल्यावर पुढचे वीस किलोमीटर क्रँक खरवडून काढू शकतात, आणि रॉड तुटला तर ब्लॉकही फुटतो.

इथेही सगळं इंजिन एकदम उतरवायची गरज नसते. बऱ्याच गाड्यांत तेल काढून सम्प खाली घेता येतो, संशयाच्या रॉडची कॅप सोडून शेल पाहता येतो. काढलेलं तेल स्वच्छ ताटात घेऊन उन्हात धरा, चकचकीत कण दिसतात का बघा. सम्प उतरवलेला असताना तेलाच्या पंपाची जाळी गाळानं बुजलीय का तेही पाहा. नुसते नवे शेल टाकून जुना ओरखडलेला क्रँक तसाच ठेवला, तर ठोका काही महिन्यांत परततो. क्रँक मायक्रोमीटरनं मोजून, गरज असेल तर 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ग्राइंड करून, त्याच मापाचे शेल घालायचे. बसवताना शेलवर तेल चोळायचं, कॅपचे बोल्ट टॉर्क पान्यानं सांगितलेल्या मापापर्यंतच आवळायचे. पहिल्यांदा सुरू करण्याआधी इग्निशनचा आणि इंधनाचा पुरवठा तोडून, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारायचा, म्हणजे नव्या शेलवर कोरडा फेरा पडत नाही. त्यानंतर इंजिन सुरू करा, दहा मिनिटं आयडलिंगला ठेवा, आणि गेज अजून काढू नका.